मुंबईचे तिकीट स्वस्तात कसे शोधावे?



पेसाह संपून आठ दिवस होत नाहीत तोच आमच्या दाराशी मंडळी येऊ लागतात. कोणाला हिवाळ्यात ठाण्यास भाचीच्या लग्नाला जायचे असते. कोणाला अलिबागेस आईवडिलांच्या कबरीवर दगड ठेवायचा असतो. कोणाला इथे जन्मलेल्या नातवंडांना नवगावचा किनारा नि एलियाहू हन्नाबीचा खडक एकदा दाखवायचा असतो. हातात मोबाईल, कपाळाला आठ्या आणि प्रश्न एकच : "सर, काल रात्री हेच तिकीट साठ डॉलरनी कमी होते. सकाळी वाढले कसे?"

आम्ही उभा जन्म फळ्यासमोर गणित शिकविण्यात घालविला. खडू सुटला तरी समजावून सांगण्याची खोड सुटत नाही. तेच तेच दहा जणांना सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे म्हणून हा धडा.

प्रथम भाव का चढतो ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचे सारे अंदाधुंद होते. आम्ही अलिया केली तेव्हा तिकीट म्हणजे कार्बन लावलेल्या लाल अक्षरांची चोपडी असे. भाडे बहुतांशी कंपन्यांनी आपसात ठरविलेले, एजंटाकडे छापील दर. कागदी तिकिटाची ती चाल जून २००८ पासून जगभर बंद झाली. दरांची चाल त्याच्या पुष्कळ आधीच बदलली होती. १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशातील विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठविले. तेव्हापासून एकाच विमानातील एकाच रांगेतल्या जागा वेगवेगळ्या भावाने विकण्याचे शास्त्र फार वाढले.

समजा विमानात साध्या वर्गाच्या दोनशे जागा आहेत. कंपनी त्यांचे मनातल्या मनात डबे करते. पहिल्या डब्यात वीस जागा, भाव चारशे डॉलर. दुसऱ्यात तीस, भाव साडेचारशे. असे करीत शेवटच्या डब्याचा भाव हजाराच्याही वर. प्रत्येक डब्याला इंग्रजी अक्षर असते. 'वाय' हे बहुधा साध्या वर्गातील पूर्ण भाड्याचे अक्षर, बाकीची अक्षरे सवलतीची. स्वस्त डबा रिकामा झाला की संगणक पुढचा उघडतो. विक्री मंद असेल तर बंद केलेला स्वस्त डबा पुन्हाही उघडतो. म्हणजे काल रात्री तुम्ही पाहिलेली साठ डॉलर कमीची जागा दुसऱ्या कोणी तरी पहाटे घेतली, एवढाच त्याचा अर्थ. "मी पुन्हा पुन्हा पाहिले म्हणून कंपनीने मला ओळखून भाव चढविला" असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यासाठी मोबाईलची खिडकी गुप्त करून बसतात. तसे करण्यात अपाय नाही, पण त्याने डबा भरत नाही. मंगळवारी रात्री तिकिटे स्वस्त होतात ही समजूतही अशीच. मंगळवारचे कौतुक आपण खरेदीपेक्षा उड्डाणाच्या दिवसासाठी करावे, कारण आठवड्याच्या मध्यावर निघणारी विमाने पुष्कळदा खरोखर स्वस्त असतात.

मासळीबाजारात बाजार उठताना पापलेटचा भाव उतरतो हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. विमानाचा बाजार नेमका उलटा. शेवटच्या आठवड्यात जो तिकीट मागतो त्याला गरज आहे हे कंपनीला ठाऊक असते. कामावर पाठविलेला माणूस असो की मयतीला निघालेला असो, तो भाव करीत बसत नाही. म्हणून शेवटच्या क्षणी स्वस्त मिळेल या आशेवर राहू नये. मुंबईसाठी साधारण दोन ते चार महिने आधी शोध सुरू करावा असा आमचा अनुभव. तिशरीचे सण किंवा पेसाह मध्ये येत असेल तर याहूनही लवकर.

येथे आपल्याला एक अडचण अशी आहे जी इतरांना नाही. आपल्याला तीन पंचांगे पाहावी लागतात. इस्राएलात रोश हाशानापासून सुक्कोथपर्यंत, पेसाहात आणि शाळांच्या सुट्टीत, म्हणजे जुलै-ऑगस्टात, सारा देश विमानतळावर लोटतो. भारतात दिवाळीला आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परदेशस्थ भारतीय घरी परततात. आखाती देशांतून जाणारी विमाने तर ईदच्या सुमारासही भरतात. आपले सण इंग्रजी तारखेला बांधलेले नाहीत, ते दर वर्षी सरकतात. म्हणून गतवर्षी अमुक तारखेला स्वस्त मिळाले होते ही आठवण कामाची नाही. लुआख भिंतीवरून काढून टेबलावर ठेवावे, मगच संगणक उघडावा. ज्यांना तारखेचे बंधन नाही त्यांनी जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी पाहावा. हवा सुखाची, कोकणात वालाच्या शेंगा, आणि भाडेही बहुधा नरम.

आता शोध. संकेतस्थळे दोन जातींची आहेत हे आधी ओळखावे. एक जात नुसती दाखविणाऱ्यांची : स्कायस्कॅनर, कायाक, गूगल फ्लाइट्स. ही अनेक दुकानांचे भाव एका फळ्यावर मांडतात, पैसे मात्र तुम्ही दुसऱ्याच्या दारात मोजता. दुसरी जात विकणाऱ्यांची, म्हणजे खुद्द विमानकंपन्या आणि एजंट. गूगल फ्लाइट्समध्ये निघण्याचे ठिकाण तेल अवीव, म्हणजे टी.एल.व्ही., आणि जाण्याचे मुंबई, म्हणजे बी.ओ.एम., असे घालावे. शहराचे नाव १९९५ साली बदलले, विमानतळाच्या अक्षरांत बॉम्बे अजून जिवंत आहे. तारखेच्या चौकटीवर बोट ठेवले की महिन्याचे पान उघडते आणि प्रत्येक दिवसाखाली त्या दिवसाचा भाव दिसतो. दोन दिवस मागेपुढे केल्याने किती वाचतात हे तेथे एका नजरेत कळते. शिवाय 'भावावर लक्ष ठेवा' अशी कळ आहे. ती दाबून ठेवली की भाव हलताच ई-मेल येते आणि रोज रात्री डोळे फोडावे लागत नाहीत.

वेळा वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. भारत आपल्यापुढे हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास आहे. वेळेशेजारी 'अधिक एक' असा बारीक आकडा असेल तर पोहोचणे दुसऱ्या दिवशीचे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी हा बारीक आकडा पाहिला नाही. त्यांचा भाऊ सहारला फुलांचा हार घेऊन चोवीस तास आधी उभा!

शाब्बाथ पाळणाऱ्यांनी शुक्रवारची विमाने फार जपून पाहावीत. एल अल शाब्बाथला उडत नाही, पण इतर कंपन्यांना आपला सूर्यास्त माहीत नसतो. शुक्रवारी दुपारी तेल अवीव सोडून मध्ये कोठे तरी सहा तास थांबवून शनिवारी पहाटे मुंबईत उतरविणारे तिकीट पुष्कळदा सर्वांत स्वस्त म्हणून वर झळकते. आपल्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली नाव पडले. त्यांना आठवड्यातून एक दिवसाची कमाई सोडणे परवडले, तर आपल्याला तीस डॉलर परवडावेत असे आम्हांस वाटते. ज्याचे त्याने पाहावे. कोशेर जेवण हवे असेल तर तिकीट काढतानाच मागावे. त्याची खूण के.एस.एम.एल. फार तर उड्डाणाच्या दोन दिवस आधीपर्यंत सांगता येते, आणि पुष्कळ स्वस्त कंपन्यांत ते मिळतच नाही. आमच्या घरी ए.व्ही.एम.एल., म्हणजे भारतीय शाकाहारी ताट, मागविण्याचा प्रघात आहे. निदान वरणभाताची चव लागते.

आता थोडे गणित. फळ्यावर एक तिकीट ३८० डॉलरला दिसते, दुसरे ४९५ ला. कोणीही पहिले घेईल. पण पहिल्यात फक्त हातातली पिशवी. तेवीस किलोची बॅग जाताना ५५ आणि येताना ५५, म्हणजे ११०. नवराबायकोने शेजारी बसायचे तर जागेचे माणशी दोन्ही वेळचे २४. जेवण दोन्ही वेळचे २०. बेरीज ५३४. दुसऱ्यात हे सारे धरलेले होते. स्वस्त तिकीट ३९ डॉलरनी महाग पडले. (आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, पद्धत खरी आहे.) जाताना आपण खजूर आणि चॉकलेटे नेतो, येताना पोहे, आमसुले, मसाला, बांगड्या आणि साड्या आणतो. बॅगेशिवाय मुंबईला जाणारा बेने इस्राएल आम्ही अजून पाहिलेला नाही. म्हणून बॅगेसह बेरीज केल्याशिवाय दोन भाव शेजारी ठेवू नयेत.

दुसरे उदाहरण कुटुंबाचे. चौघांचे तिकीट मागितले आणि स्वस्त डब्यात दोनच जागा उरल्या असल्या, तर बहुतेक संगणक दोघांना स्वस्त व दोघांना महाग असे करीत नाही, चौघांनाही महाग डब्यात बसवितो. ४२० च्या दोन जागा उरल्या आहेत आणि पुढचा भाव ४८० आहे असे धरा. चौघांचे एकदम मागितल्यास १९२०. दोन-दोन करून घेतल्यास १८००. म्हणून आधी एकट्याचा भाव पाहावा, मग सर्वांचा. फरक दिसला तर तुकडे करावेत. मात्र लहान मूल मोठ्या माणसाच्या तिकिटापासून कधीही तोडू नये. तुकडे केल्यावर एक विमान रद्द झाले तर कंपनी दोन्ही जोड्यांना एकत्रच हलवील याची हमी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता ज्या चुकीसाठी आम्ही हा लेख खरोखर लिहावयास घेतला ती सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यास आमच्या थोरल्या बहिणीच्या नातीचे लग्न होते. ताई त्या वेळी एक्याऐंशी वर्षांची. तिने फोनवर एवढेच सांगितले, "मेंदीच्या रात्री तू हवास. मामाकडचे दुसरे कोणी उरले नाही." आम्ही संगणकासमोर बसलो आणि आपली हुशारी दाखविली. एका कंपनीने तेल अवीवहून युरोपातील एका शहरी, तेथून दुसऱ्या कंपनीने मुंबईस. दोन वेगळी तिकिटे, दोघांचे मिळून दोनशे दहा डॉलर वाचले. मध्ये तीन तास होते. पत्नीने विचारले, "पुरतील ना?" आम्ही गणिताचे मास्तर, आम्ही म्हणालो, पुरतील.

पहिले विमान अडीच तास उशिरा सुटले. तिकिटे वेगळी असल्यामुळे बॅगा पुढे गेल्या नाहीत. त्या पट्ट्यावरून उतरवून, बाहेर येऊन, पुन्हा रांगेत उभे राहून द्यायच्या होत्या. आम्ही धावत गेलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. तेथील मुलगी सभ्य होती, पण तिचे म्हणणे बरोबर होते : "तुमचे आधीचे विमान आमचे नव्हते." एकच तिकीट असते तर पुढच्या विमानात बसविण्याची जबाबदारी कंपनीची होती. दोन तिकिटांत ती कोणाचीच नाही. याहून वाईट असे की जाण्याच्या फेरीला हजर न राहिल्यामुळे त्याच तिकिटावरची परतीची फेरीही रद्द झाली. तिकिटाचे भाग क्रमाने वापरावे लागतात, पहिला चुकला की उरलेले कंपनी खोडते. नवीन तिकिटांना दोघांचे चौदाशे डॉलर लागले. दोनशे दहा वाचविण्यासाठी!

पैशांचे दुःख विसरलो. आम्ही ठाण्यास पोहोचलो तेव्हा मेंदी होऊन गेली होती, गाणी म्हणणाऱ्या बाया घरी गेल्या होत्या, आणि पुरणपोळीचे ताट झाकून ठेवलेले होते. ताईने वाटीत थोडी मेंदी ओल्या फडक्याखाली राखून ठेवली होती. रागावली नाही. दुसऱ्या सकाळी मशिदीस निघण्याआधी तिने ती आमच्या बोटाला लावली आणि म्हणाली, "रंग चढायचा नाही आता, पण लाव." पुढच्या वर्षी २३ मार्चपासून भारताने परदेशी विमाने बंद केली, ती नियमितपणे सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. ताई २०२० च्या ऑगस्टात गेली.

तेव्हापासून आम्ही नियम केला आहे. लग्न, बार मित्सवा, मयतीचे दिवस, अशा ठरलेल्या दिवसासाठी प्रवास असेल तर वेगळी तिकिटे जोडायची नाहीत. जोडायचीच असतील तर मध्ये एक रात्र मुक्काम धरायचा आणि त्या मुक्कामाचा खर्च बेरजेत घ्यायचा. शोधाच्या फळ्यावर अशा जोडणीपुढे 'स्वतः विमान बदला' अशा अर्थाची बारीक सूचना इंग्रजीत असते. ती वाचावी. मधल्या देशात बाहेर येऊन बॅगा घ्यावयाच्या तर तेथील व्हिसा लागतो की नाही हेही पाहावे. इस्राएली पासपोर्टवाल्यांनी मार्गही पाहावा. संगणकाला राजकारण कळत नाही. कुवैतच्या कायद्यामुळे तेथील विमानकंपनी इस्राएली नागरिकांना नेत नाही, या प्रकरणाचा दावा २०१७ साली फ्रँकफुर्टच्या न्यायालयापर्यंत गेला होता. तरीही युरोपातून मुंबई शोधले तर ते तिकीट निमूटपणे समोर येऊ शकते.

भारतातल्या भारतात जोडतानाही खबरदारी हवी. दिल्लीला उतरून मुंबई गाठणारे तिकीट कधी कधी स्वस्त असते. पण जेथे भारतात प्रथम उतरता तेथे बॅगा घेऊन कस्टम पार करावे लागते. मुंबईचे तिकीट वेगळे काढले असेल तर देशांतर्गत विमानात साध्या वर्गास बहुधा पंधरा किलोच चालतात. तेवीस किलोवाल्याने वरच्या आठ किलोंचे पैसे दिल्लीत मोजावे लागतात. आणखी एक नवे पाहून ठेवावे. २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. पनवेल-पेण-अलिबागकडे जाणाऱ्यास तो जवळ. पण उतरायचे सहारला आणि पुढचे विमान नवी मुंबईहून, असे तिकीट हाती आले तर मुंबईच्या रस्त्यांवर काय होईल ते आपण जाणताच.

कोणता मार्ग घ्यावा हे ठामपणे लिहिणे अलीकडच्या काळात कठीण झाले आहे. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाचे विमान सौदीच्या आकाशातून दिल्लीहून तेल अवीवला आले, २०२० च्या नोव्हेंबरात दुबईची विमाने सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपले आकाश इस्राएली कंपन्यांना खुले केले. तांबड्या समुद्रावरून घालावा लागणारा मोठा वळसा वाचला. मग ऑक्टोबर २०२३ आला. एकामागून एक परदेशी कंपन्यांनी तेल अवीवच्या फेऱ्या थांबविल्या, पुन्हा सुरू केल्या, पुन्हा थांबविल्या. जून २०२५ मध्ये तर विमानतळच काही दिवस बंद होता. अशा काळात नुसता भाव पाहून भागत नाही. फेरी रद्द झाल्यास पैसे परत देणारी आणि दुसऱ्या मार्गाने पोहोचविणारी कंपनी असेल तर पन्नास डॉलर जास्त देणे आम्ही खर्च समजत नाही.

याच कारणाने शक्यतो खुद्द कंपनीकडूनच तिकीट घ्यावे. फळ्यावर भाव शोधावा आणि मग कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तोच भाव मिळतो का ते पाहावे. अनोळखी एजंट वीस डॉलर कमी दाखवितो, पण फेरी बदलली की कंपनी म्हणते एजंटाकडे जा, आणि एजंट फोन उचलत नाही. आमच्या गावातील एका विधवा बाईंना एका विक्रेत्याने सहा अक्षरांचा आरक्षण क्रमांक दिला. त्या निश्चिंत राहिल्या. आरक्षण होते, तिकीट कधी निघालेच नव्हते. हा भेद नीट समजून घ्यावा. सहा अक्षरे म्हणजे नुसती नोंद. तिकिटाचा क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, जसे एल अलचे ११४, एअर इंडियाचे ०९८. पैसे दिल्यावर तेरा आकडे आले की नाही ते पाहावे आणि त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर आपले नाव उघडून बघावे. कंपनीचा फोन नंबरही तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. गूगलवर शोधून मिळालेल्या नंबरांमागे पुष्कळ ठग बसलेले आहेत.

नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसेच घालावे. आपल्यात ही मोठी भानगड आहे. घरचे नाव एक, मशिदीतले दुसरे, आडनावाच्या शेवटच्या 'कर'चे स्पेलिंग भारतीय कागदावर एक आणि इस्राएली पासपोर्टवर दुसरे. ओ.सी.आय. कार्ड असेल तर त्यावरचे नावही जुळते का ते तिकिटाआधी पाहावे, आणि पासपोर्टची मुदत प्रवासापुढे सहा महिने आहे का तेही.

पैसे भरताना संकेतस्थळ शेकेल, डॉलर की रुपये असे विचारते. 'तुमच्या चलनात बदलून देऊ का' असा गोड प्रश्न आला तर त्यांचा दर आणि आपल्या कार्डाचा दर ताडून पाहावा. पुष्कळदा त्यांचा महाग असतो.

शेवटी कायद्याची माहिती, कारण ती फार थोड्यांना आहे. इस्राएलच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फोनवरून वा इंटरनेटवरून घेतलेले तिकीट चौदा दिवसांच्या आत रद्द करता येते, मात्र उड्डाणाला सुट्टीचे दिवस सोडून किमान सात दिवस उरलेले असावेत. कापून घ्यायची रक्कम पाच टक्के किंवा शंभर शेकेल, यांपैकी जी कमी ती. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांना, अपंगांना आणि नव्या ओलिमना चौदा दिवसांऐवजी चार महिने मिळतात, पण व्यवहार करताना विक्रेत्याशी संभाषण झालेले असले पाहिजे, मग ते फोनवर असो की लेखी संदेशांतून. नुसते बटण दाबून घेतलेल्या तिकिटाला चार महिने नाहीत. म्हणून वयस्क वाचकांनी भाव इंटरनेटवर शोधावा आणि तिकीट येथल्याच कंपनीकडून वा एजंटाकडून फोनवर बोलून घ्यावे. बोलण्याची तारीख व माणसाचे नाव वहीत टिपून ठेवावे. परदेशातील संकेतस्थळाकडून हे हक्क वसूल करणे जिकिरीचे आहे.

ज्यांना हे वाचूनही संगणकाची भीती वाटते त्यांच्यासाठी आम्ही दर मंगळवारी संध्याकाळी, आर्वीथनंतर, मशिदीच्या मागच्या खोलीत बसतो. येताना पासपोर्ट, ओ.सी.आय. कार्ड, लुआख आणि वाचण्याचा चष्मा आणावा. क्रेडिट कार्ड घरी ठेवावे, पहिल्या दिवशी आम्ही कोणालाही तिकीट काढू देत नाही.